गंजलेली टाचणी

१९७९ साली मी महसुलात लागलो आणि पहिली तीन वर्षं रेकॉर्डरूममध्ये काढली. तालुक्याच्या गावची रेकॉर्डरूम ज्यानं आतून पाहिलीय, त्याला वेगळं सांगायला नको. गावनिहाय लावलेले बस्ते, त्यांना गुंडाळलेलं विटकं लाल कापड, डांबरगोळ्यांचा वास आणि कितीही झटकलं तरी बोटाला लागणारी कसरीची भुकटी. आमची बिलोली निजामाच्या राज्यातली. मांजरेपलीकडं तेलंगण. सप्टेंबर १९४८ पर्यंत कारभाराची भाषा उर्दू, लोकांच्या तोंडी मराठी आणि तेलुगू. त्यामुळं एकाच बस्त्यात उर्दू मुंतखब, मोडीतली चिठ्ठी आणि पुढच्या काळातलं देवनागरी पाहणीपत्रक शेजारी शेजारी निजलेली असायची.

मला काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या शिरस्तेदारांनी. निजामी अमलात ते उमेदवारीला लागलेले, उर्दू घडाघडा वाचायचे. एकदा त्यांनी एका पिवळ्या पडलेल्या कागदाच्या माथ्यावरची दोन अक्षरं मला बोट ठेवून दाखवली आणि वाचली : ‘बसीगे राज’. म्हणजे आपण आज ज्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारतो, तेच. म्हणाले, “बाबा, असा कागद हरवला किंवा भलत्याकडं सापडला, तर तीन गोष्टी विचारतात. कागद कोणाकडं होता? त्याला तो ठेवायचा हक होता का? आणि नियत काय होती? पहिल्या दोन्हीला बारनिशी, म्हणजे आवक-जावकीची वही, उत्तर देते. तिसऱ्याला माणूस उत्तर देतो, आणि माणूस खोटं बोलतो.”

नोकरीभर हे वाक्य माझ्यामागं लागून राहिलं. पेपरात कुठल्या पुढाऱ्याकडं सरकारी गुप्त कागद सापडल्याची बातमी आली, की मी आधी तिसरा प्रश्न शोधतो. सव्वाशे वर्षं हा देश त्याच प्रश्नाभोवती फिरतोय, आणि त्याचा पहिला नीट माग काढला तो आपल्याच एका मराठी माणसानं. ते पुढं सांगतो. आधी माझी स्वतःची चूक.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. कचेरीचं नाव सांगत नाही, माणसाचंही नाही. तो आज हयात नाही. एका जमिनीच्या हस्तांतराची गोपनीय चौकशी चालू होती. फाईल लोखंडी कपाटात. एके दिवशी ती कपाटात नव्हती. चार दिवस शोधाशोध झाली. पाचव्या दिवशी आमचा एक कारकून कापडी पिशवीत घालून ती घेऊन आला आणि टेबलावर ठेवली. बारनिशीत नोंद नाही, कोणाची परवानगी नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, “काहून नेली होती?”

“साहेब, लेकीचं लग्न काढलंय. रजेवर जायच्या आधी काम उरकावं म्हणून घरी नेली.”

लेकीचं लग्न खरं होतं. पत्रिका आम्हा सगळ्यांना आली होती.

फाईल माझ्या ताब्यात दिली. मी पानं मोजली, सगळी भरली. पण मधल्या सहा पानांना जी टाचणी होती, ती नवी, चकचकीत. त्या पानांच्या कोपऱ्यावर जुन्या टाचणीच्या गंजाचा तपकिरी ठसा उमटलेला, अगदी टाचणीच्या लांबीचा, आणि त्याच्या शेजारी गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर नवी दोन भोकं. बाकीच्या फाईलला कुणी हात लावला नव्हता. तेवढी सहाच पानं सुटी झाली होती, आणि साक्षीदारांचे जबाब त्याच सहा पानांत होते. त्या वर्षी आमच्या गावात झेरॉक्सचं दुकान नवंनवंच निघालं होतं.

आणि मी काय केलं? रेकॉर्डकीपरच्या हाताला जी सवय असते, ती केली. पानं ठोकून सारखी केली, टाचणी काढून फेकली आणि सगळ्या फाईलला छिद्र पाडून नाडी ओवली. पंधरा दिवसांनी चौकशीत मला बोलावलं तेव्हा मी टाचणीचं सांगितलं. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, “पंचनाम्यात आहे का?” नव्हतं. “टाचणी आहे का?” तीही नव्हती. शेवटी निष्कर्ष लिहिला गेला : निष्काळजीपणा सिद्ध, गैरहेतू सिद्ध नाही. एक वेतनवाढ रोखली, प्रकरण मिटलं. त्यानं पानं नुसती वाचायला सुटी केली असतील, असंही म्हणता येतं. मी आजही छातीवर हात ठेवून वेगळं सांगू शकत नाही.

आता मूळ गोष्टीकडं येतो. सरकारी गुपितांचा पहिला कायदा आपल्याकडं आला १८८९ साली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या ‘अमृत बाजार पत्रिके’नं काश्मीर आणि गिलगिटसंबंधीचं परराष्ट्र खात्याच्या सचिवाचं गुप्त टिपण छापलं होतं. काश्मीरचे महाराज प्रतापसिंह यांच्या हातातून कारभार काढून घेण्यामागं इंग्रजांचं खरं कारण काय, याचा तो पुरावा असल्याचं पत्रिकेचं म्हणणं होतं. लॉर्ड लॅन्सडाऊनचं सरकार खवळलं आणि कायदा झाला. पण त्या कायद्यात एक शब्दयोजना होती : गैर मार्गानं माहिती मिळवण्याच्या हेतूनं कोणी सरकारी जागेत शिरला, तर गुन्हा. म्हणजे हेतू सरकारनं दाखवायचा. नुसता दारात सापडलास म्हणून चोर, असं नव्हतं.

लॉर्ड कर्झनला ते खुपलं. १९०३च्या डिसेंबरात दुरुस्तीचं विधेयक आलं आणि ४ मार्च १९०४ रोजी त्यावर कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात चर्चा झाली. तिथं मुंबई इलाख्याचे प्रतिनिधी म्हणून बसले होते गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी विधेयकाचे तीन टाके उसवून दाखवले. पहिलं, लष्करी गुपितांच्या पंक्तीला साध्या मुलकी कारभारातली माहितीही बसवली. दुसरं, गुन्हे दखलपात्र आणि बिनजामिनी केले. आणि तिसरं, माझ्या लेखी सर्वांत मोठं : ‘गैर मार्गानं माहिती मिळवण्याच्या हेतूनं’ हे शब्द काढून, परवानगीशिवाय कचेरीत गेला की गुन्हा, आणि परवानगी होती हे ज्याच्यावर आळ आलाय त्यानं सिद्ध करायचं, असं केलं.

मी स्वतः कचेरीत बसलेला माणूस, म्हणून मला त्यातली खुबी कळते. तहसीलला रोज दोनशे माणूस येतं. त्यातल्या किती जणांकडं लेखी परवानगी असते? सातबारा काढायला आलेला शेतकरी, वकिलाचा कारकून, गावाकडचा पाव्हणा, चहावाला पोरगा. हेतू हा शब्द काढला, की सगळेच आरोपी; फक्त कोणाला पकडायचं, हे साहेबानं ठरवायचं. निवड समितीत विधेयकाची धार थोडी बोथट झाली होती, तरी गोखल्यांनी विरोध सोडला नाही. कर्झनकडं बहुमत होतं, विधेयक मंजूर झालं. पण हेतूचं ओझं कोणी वाहायचं, हा प्रश्न त्या दिवशी कागदावर आला, तो आजतागायत खाली उतरलेला नाही.

चारच वर्षांनी मुंबईत उलटी गोष्ट घडली. जून १९०८ मध्ये टिळकांना अटक झाली. खटला राजद्रोहाचा, ‘केसरी’तल्या अग्रलेखांवरून. अग्रलेख छापलेले, सगळ्यांनी वाचलेले. तिथं सिद्ध करायचं ते काय? हेतू. पुण्यातल्या घराच्या झडतीत पोलिसांना एक कार्ड सापडलं, त्यावर स्फोटक द्रव्यांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेली. सरकारी वकिलानं ते ज्युरीपुढं ठेवलं. टिळकांनी सांगितलं की स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहायची होती, त्यासाठी पुस्तकांची नावं टिपून ठेवली होती. संपादकाच्या टेबलावर पुस्तकांची नावं नाही सापडणार, तर काय सापडणार? टिळक एकवीस तासांहून अधिक बोलले. नऊ जणांच्या ज्युरीत सात विरुद्ध दोन असा निकाल लागला, न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली आणि टिळक मंडालेला गेले. माझी टाचणी काही सांगत होती, पण ती कागदावर आली नाही, म्हणून मुकी झाली. टिळकांचं कार्ड फारसं काही सांगत नव्हतं, पण ते कागदावर आलं आणि न्यायालयात बोलू लागलं. दोन्हीकडं वस्तू एवढीशी, आणि तिच्यावर टांगलेली नियत केवढी!

आज चालतो तो कायदा १९२३ चा. त्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. कलम ३ हेरगिरीचं. त्यात राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक असा हेतू लागतो. म्हणजे हेतू हा शब्द परत आला. पण त्याच्याच पोटात सवलत ठेवलीय : असा हेतू दाखवणारी एखादी विशिष्ट कृती सिद्ध करायची गरज नाही, परिस्थितीवरून, आरोपीच्या वागण्यावरून, अगदी त्याच्या ‘ज्ञात चारित्र्या’वरून तसा हेतू दिसला तरी पुरे. कलम ५ मध्ये तर गुपित भलत्याला सांगितलं, ठेवायचा हक नसताना ठेवलं, नीट सांभाळलं नाही, हे सगळंच गुन्ह्यात. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. माझा तो कारकून या कलमात दोन पावलांत सापडला असता; तिसऱ्या प्रश्नाची वेळच आली नसती. आणखी एक गोष्ट. या कायद्याखाली न्यायालय दखल घेतं ते सरकारनं किंवा सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केली तरच. म्हणजे कुलपाची किल्ली नेहमी खुर्चीवर बसलेल्याच्या खिशात.

आमच्या नांदेड जिल्ह्याचा या गोष्टीशी संबंध आहे तो शंकरराव चव्हाणांच्या मार्फत. १९९३ मध्ये ते केंद्रात गृहमंत्री होते. मुंबईच्या बॉम्बस्फोटांनंतर गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली गेली : गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांचं साटंलोटं शोधायला. व्होरांनी अहवाल स्वतः सांगून लिहवून घेतला आणि त्याच्या फक्त तीन प्रती केल्या. एक गृहमंत्र्यांना, एक अंतर्गत सुरक्षेच्या राज्यमंत्र्यांना, एक स्वतःकडं. हे अहवालातच लिहिलंय. तीन प्रती! रेकॉर्डकीपर म्हणून मी तेव्हा हे वाचून हसलो होतो. एवढ्या कमी प्रती असल्या, की फुटली तर कोणाकडून फुटली, हे विचारायला फार लांब जावं लागत नाही. अहवाल जवळजवळ दोन वर्षं कपाटात राहिला. दिल्लीतल्या नैना सहानी खुनानंतर ओरड झाली, तेव्हा १९९५ च्या ऑगस्टमध्ये मोजकी पानं संसदेपुढं आली. त्यामागची गुप्त माहिती उघड करायला लावा, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ साली न्यायालयानं तसा आदेश द्यायला नकार दिला. नांदेडच्या आम्हा लोकांत तेव्हा वाद व्हायचा. शंकरराव कडक हेडमास्तर. त्यांनी कागद दाबला की जपला? फोडण्यामागं जशी नियत असते, तशी झाकण्यामागंही असते. झाकण्याच्या नियतीचा मात्र खटला होत नाही, त्यासाठी आपल्याकडं कलमच नाही.

आता आपल्या डोळ्यांदेखतचं प्रकरण. २३ मार्च २०२१ ला विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेतली. पोलीस बदल्यांच्या बाजाराविषयी राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त रश्मी शुक्ला यांनी फोन टॅपिंगच्या आधारे ऑगस्ट २०२० मध्ये दिलेला अहवाल आणि त्यासोबतचा ६.३ जीबी डेटा आपल्याकडं असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि त्याच दिवशी दिल्लीला जाऊन तो केंद्रीय गृहसचिवांना दिला. इकडं मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी मुख्यमंत्र्यांना अहवाल दिला की फोन टॅपिंगची परवानगी ज्या कारणासाठी घेतली, त्याच्या बाहेर ती वापरली गेली. २६ मार्चला मुंबईच्या सायबर पोलिसांनी अनोळखी व्यक्तींवर गुन्हा नोंदवला. त्यात तारायंत्र कायदा, माहिती तंत्रज्ञान कायदा आणि आपलं तेच जुनं १९२३ चं कलम ५. वर्षभरानं, १३ मार्च २०२२ ला, पोलिसांनी फडणवीसांच्या बंगल्यावर जाऊन त्यांचा जबाब घेतला. त्यांचं म्हणणं असं : मी घोटाळा उघड केला, कागद सक्षम अधिकाऱ्याकडं दिला, आणि विरोधी पक्षनेता म्हणून माहिती कोठून आली, हे न सांगण्याचा मला अधिकार आहे. सरकारचं म्हणणं असं : गोपनीय कागद बेकायदा बाहेर गेला, तो राज्य सरकारला अडचणीत आणण्यासाठी वापरला.

इथं शिरस्तेदारांचे तीन प्रश्न लावून बघा. कागद कोणाकडं होता? स्वतःच सांगितलं, वाद नाही. हक होता का? यावर वकील रात्रभर भांडतील. नियत काय? एकच कृती, दोन वाचनं. जागल्यानं चोर दाखवला, असंही वाचता येतं; विरोधकानं हत्यार मिळवलं, असंही. आणि खरं सांगायचं, तर राजकारणात ही दोन्ही एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी नांदू शकतात. मग जून २०२२ ला सरकार बदललं. तपास सीबीआयकडं गेला, सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला आणि न्यायालयानं तो स्वीकारला. टॅपिंगच्या आरोपावरून शुक्लांवर नोंदवलेले वेगळे दोन गुन्हे सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कोण दोषी, कोण निर्दोष हे ठरवणारा मी कोण? मला दिसतं ते एवढंच, की डेटा तोच, अहवाल तोच, कलम तेच राहिलं. बदलली ती किल्ली ठेवणारी माणसं.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या खाजगी सर्व्हरवर गोपनीय मजकूर सापडला. २०१६ साली एफबीआयच्या प्रमुखांनी त्यांना अतिशय बेफिकीर म्हटलं, पण कायदा मोडायचा हेतू स्पष्ट दिसत नाही, म्हणून खटल्याची शिफारस केली नाही. ट्रम्प यांच्यावर २०२३ मध्ये जाणूनबुजून गुप्त कागद ठेवल्याचे आरोप लागले. ते २०२४ मध्ये खालच्या न्यायालयानं सरकारी वकिलाच्या नेमणुकीच्या मुद्द्यावर फेटाळले, म्हणजे नियतीपर्यंत गाडी पोचलीच नाही. बायडेन यांच्या गॅरेजमध्येही कागद सापडले; चौकशी अहवालानं हेतू शंकेपलीकडं सिद्ध होणार नाही म्हणून खटला टाळला. आणि पाकिस्तानात तर आपलाच १९२३ चा कायदा वारशानं गेलेला. मार्च २०२२ च्या सभेत इम्रान खान यांनी एक कागद फडकवला, त्यावरून २०२४ च्या जानेवारीत दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि जूनमध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयानं ती रद्द केली.

आपल्याकडं एक मोठा बदल झाला तो २००५ च्या माहिती अधिकारानं. गोपनीयतेच्या कायद्यात काही का असेना, जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी, अशी वाट त्यात आहे. राफेल विमानांच्या खरेदीच्या वादात, एप्रिल २०१९ मध्ये, कागद चोरीचे आहेत म्हणून बघू नका, हा सरकारचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं तर २००६ मध्येच १९२३ चा कायदा रद्द करा, असं सुचवलं होतं. सगळ्या पक्षांची सरकारं आली आणि गेली; कायदा जागेवर आहे. ज्याच्या खिशात किल्ली असते, त्याला कुलूप आवडतं.

मला विचाराल तर, नियत मनात असते, हे खरं असलं तरी तिचे ठसे बाहेर पडतात. पानं सुटी केली का, नक्कल काढली का, कोणाला दाखवली, कधी दाखवली, विचारल्यावर लपवलं की स्वतःहून परत आणलं, पैसे कोणाकडून आले. हे ठसे ज्या दिवशी दिसतात, त्याच दिवशी ज्याला त्या भांडणात काही मिळवायचं नाही, अशा माणसानं लिहून ठेवले तर न्यायाधीशाला नियत वाचता येते. ते लिहिले नाहीत, तर सरकार बदललं की नियतही बदलते. म्हणून हेतू सिद्ध करायचं ओझं आरोप करणाऱ्यावरच असलं पाहिजे. गोखल्यांनी १९०४ साली हेच मागितलं होतं, आणि एकशेवीस वर्षांत मला त्यापेक्षा शहाणी मागणी कोणाच्या तोंडून ऐकायला मिळालेली नाही.

निवृत्तीनंतर आमच्या शेजारचा एक पोरगा कारकून म्हणून लागला, आणि पेढे घेऊन पाया पडायला आला. त्याला मी एकच गोष्ट सांगितली : फाईल परत आली की आधी टाचणी बघ, जे दिसेल ते तारीख घालून लिही, सही घे, आणि मगच पानं सारखी कर.